गोव्यात नवे आहात? आधी घड्याळ बघा, मग हॉटेल

बदली होऊन किंवा नोकरी मिळून सांगली-कोल्हापूर-पुण्याकडून गोव्यात आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात विचारतो, इथलं चांगलं हॉटेल कुठलं? मी उलट विचारतो, किती वाजता जेवणार? इथली बरीचशी चांगली ठिकाणं दिवसाच्या एकाच वेळी चांगली असतात. सकाळी ज्या कॅफेत बसायला बाकडं मिळत नाही, तिथे दुपारी चारला गेलात तर भाजीच्या तळाशी उरलेला रस्सा मिळेल. दुपारी ज्या जिन्यावर थाळीसाठी रांग असते, तिथे रात्री वेगळंच मेनूकार्ड हातात पडतं. आणि दुपारी एक ते चार अर्धी पणजी शटर ओढून झोपलेली असते, ती हॉटेलची नव्हे तर दुकानांची वेळ, पण भूक आणि बाजारहाट एकाच फेरीत उरकू बघणाऱ्याची त्यात पंचाईत होते.

म्हणून दिवस जसा चढतो तसंच सांगतो. पणजी मध्यभागी धरली आहे, कारण मी तिथलाच. म्हापसा, मडगाव वाटेत येतीलच.

आधी बोर्ड वाचायला शिका

महाराष्ट्रात 'बार अँड रेस्टॉरंट' असा बोर्ड दिसला की घरचे लोक पुढे चालायला लागतात. अंधार, पडदे, आत फक्त पुरुष. गोव्यात ती समजूत सीमेवरच ठेवा. इथे तोच बोर्ड लावलेल्या ठिकाणी आजी, सून आणि शाळेतून आलेलं पोर शेजारच्या टेबलावर हुमण-भात, म्हणजे माशाचं कालवण आणि भात, जेवत असतात आणि कोपऱ्यात एखादा निवृत्त मास्तर दुपारचा एक पेग घेऊन पेपर वाचत असतो. कोणाचं कोणाला काही वाटत नाही. बोर्डामुळे परत फिरलात तर पणजीतली निम्मी चांगली जेवणं हुकतील.

बोर्डापेक्षा माणसं बघा. टेबलांवर स्टीलची ताटं, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवलेली माणसं आणि दाराशी फळ्यावर खडूने लिहिलेली आजच्या माशांची नावं, एवढं दिसलं की आत शिरा. सहा प्रकारच्या पाककृती एकाच मेनूत देणारं, बाहेर माणूस उभा करून आत बोलावणारं ठिकाण सोडून द्या.

सकाळ: भाजी-पाव, आणि तोही साडेनऊच्या आत

इथली भाजी-पाव मुंबईच्या पावभाजीची कोणी लागत नाही. लोणी नाही, तवा नाही, लाल रंग नाही. छोट्या ताटलीत भाजी, बाजूला पाव, आणि चहा. भाजी कोणती ते तुम्ही सांगायचं. पातळ भाजी म्हणजे वाटाण्याची किंवा चण्याची रस्सा-उसळ, खोबऱ्याच्या वाटणातली. सुकी भाजी म्हणजे बटाट्याची. मिक्स मागितलीत तर सुकीवर पातळ ओततात, आणि नव्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी. टोमॅटो भाजी, कुर्मा भाजी हे पुढचे वर्ग. जोडीला एक मिरची भजी सांगा. पाव नको असेल तर पुरी, किंवा केळं घालून केलेला किंचित गोड बन. तो पातळ भाजीत बुडवून खातात, ऐकायला विचित्र वाटलं तरी.

पणजीत यासाठी दोन नावं पुरेशी आहेत: कॅफे भोसले आणि चर्च चौकाजवळच्या गल्लीतलं कॅफे ताटो. दोन्हीकडे टेबल तुमच्या मालकीचं नसतं. रिकामी खुर्ची दिसली की 'बसू का' एवढं विचारून बसायचं. समोरचा माणूस 'गोमन्तक' किंवा 'तरुण भारत' वाचत असेल तर आतलं पान मागायलाही हरकत नाही, ते देतात. भोसलेची पातळ भाजी मला जास्त आवडते, ताटोचं तळण. यावरून पणजीत वाद घालणारे पुष्कळ आहेत आणि ते सगळे मला चूक ठरवतील.

पावाबद्दल थोडं. सकाळी आणि संध्याकाळी सायकलवर मागे मोठी टोपली बांधून, भोंगा वाजवत येतो तो पोदेर. घर भाड्याने घेतलंत की शेजाऱ्यांना सगळ्यात आधी त्याची वेळ विचारा. त्याच्या टोपलीत उंडो असतो, गोल, वरून कडक. कोंड्याची पोळी असते, जी मधुमेहवाले घेतात. आणि काकण असतं, बांगडीच्या आकाराचं, चहात बुडवायला. हॉटेलातल्या रश्श्याला साधा मऊ पाव बरा, घरच्या रश्श्याला उंडो.

दुपार: थाळी

इथे जरा वेळ घालवू, कारण गोव्यातलं खरं जेवण दुपारचंच आहे आणि नव्या माणसाची सगळ्यात जास्त फजितीही इथेच होते.

मालवणी जेवणाची सवय असेल तर पहिल्या घासाला हुमण तुम्हाला फिकं वाटेल. त्यात गरम मसाला नसतो. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, हळद, चिंच किंवा सोलं (आमसुलं), एवढं बारीक वाटून त्यात मासा शिजवतात. बांगड्याचं असेल तर तिरफळं ठेचून घालतात. तिरफळ चावायचं नाही, वास त्याने आधीच रश्श्यात सोडलेला असतो. ताटाच्या कडेला काढून ठेवा. चावलंत तर जीभ पंधरा मिनिटं बधिर. या साध्या वाटणात माशाचा ताजेपणा लपवायला जागाच नसते, म्हणून हुमणावरून हॉटेलची परीक्षा होते. तळलेल्या माशावरून होत नाही, रवा लावून कुरकुरीत तळला की पुष्कळ गोष्टी झाकल्या जातात.

थाळीत साधारण असं येतं: भात, हुमण, तळलेल्या माशाची एक तुकडी, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, एखादी भाजी, किसमूर, लोणचं, सोलकढी. भात उकडा हवा की साधा, हे विचारतात. उकडा घ्या. जाडा, लालसर, हुमण धरून ठेवणारा. पोटाला जड वाटेल या भीतीने बरेच जण साधा घेतात आणि मग हुमण ताटभर पळत राहतं. किसमूर म्हणजे सुकी सुंगटं (कोळंबी) किंवा गालमो (जवळा) भाजून, खोबरं-कांद्यात कालवलेले. ते पहिल्या पाच मिनिटांत खायचं, नंतर मऊ पडतं. भात आणि हुमण पुन्हा वाढतात. वाढपी पातेलं घेऊन जवळून जाताना 'आनी मातशें शीत', म्हणजे आणखी थोडा भात, म्हणालात तर तो तुमच्याकडे दुसऱ्यांदा बघेल, मग वाढेल. मराठी सगळ्यांना कळतं, पण कोकणीचे असे दोन-चार शब्द उपयोगी पडतात.

आता थाळीच्या वरची ऑर्डर. थाळीतली तुकडी लहान असते, म्हणून बहुतेक जण एक मासा वेगळा तळून मागतात. वाढपी कच्च्या माशांचं ताट टेबलावर आणून दाखवतो. इथे तीन गोष्टी करा. एक, 'आज ताजें नुस्तें कितें आसा?', म्हणजे आज ताजा मासा कोणता, असं विचारा, 'सुरमई आहे का?' असं नको. सुरमईला इथे इसवण म्हणतात, आणि तुम्ही नाव घेतलंत की ती 'आहे'च असते. दोन, बोट ठेवलेल्या नगाची किंमत तिथेच विचारा, कारण मोठ्या माशांचा भाव आकारावर असतो आणि मेनूत त्याच्यासमोर रकाना कोरा असतो. हे विचारण्यात कमीपणा नाही, गोवेकरही विचारतात. तीन, रवा की रेशाद ते ठरवा. रेशाद म्हणजे मिरची-व्हिनेगरचा लाल मसाला, बांगड्याच्या पोटात भरलेला. बांगडा असेल तर रेशाद, लेपो किंवा मुड्डोशी असेल तर रवा. पापलेट सोडा, त्यात तुम्ही पापलेटपेक्षा त्याच्या नावाचे पैसे देता. चोणक मिळाला तर मात्र हात आखडू नका.

जागा कुठली? पणजीत अठरा जून रस्त्यावर, पहिल्या मजल्यावरचं रिट्झ क्लासिक हे सगळ्यात प्रसिद्ध. जिन्यात रांग असते, टेबल वाटून घ्यावं लागतं, गोंगाट असतो. तरीही तिथे एकदा जाऊन याच, कारण एवढी ताटं रोज उठतात म्हणून मासा शिळा राहायला सवडच नसते. सव्वाबाराला पोचलात तर जागा मिळते. एक ते दोन सरकारी कार्यालयं सुटलेली असतात, तेव्हा नको. दादा वैद्य रस्त्यावर, महालक्ष्मीचं देऊळ ज्या रस्त्यावर आहे तिथेच, कोकणी कँटीन आहे. जरा सावकाश बसून, आई-वडिलांना घेऊन जेवायचं तर ते बरं. आणि ३१ जानेवारी रस्त्यावरचं आनंदाश्रम. छोटीशी खोली, मोजकी टेबलं, सजावटीच्या नावाने काही नाही. पणजीत मला एकच थाळी निवडायला सांगितली तर मी तिथे जाईन, आणि बारा वाजता जाईन.

म्हापशाकडे कामाला असाल तर करासवाड्याचं स्पाइस गोवा. आसगावचं विनायक फार चांगलं आहे, पण शनिवार-रविवारी तिथे पर्यटकांची गर्दी असते, तेव्हा मधल्या वारी जा.

मधला वार म्हणताना सोमवार वगळा. हिंदू गोवेकरांत सोमवारी आणि काही घरांत गुरुवारीही नुस्तं खात नाहीत, त्यामुळे मासळीचा उठावच कमी असतो. श्रावणात हे आणखी वाढतं, आणि चवथीच्या दिवसांत, म्हणजे गणपतीत, हिंदू मालकांची बरीच हॉटेलं बंदच असतात, कारण सगळे आपापल्या गावी गेलेले असतात. चवथीला पणजीत एकटे अडकलात तर घरात तांदूळ-डाळ असू द्या. किंवा शेजारी ख्रिस्ती असावेत.

दुसरी गोष्ट मासेमारी बंदीची. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्रात जायला बंदी असते, माशांच्या विणीच्या काळासाठी. या दोन महिन्यांत ताटात आलेली इसवण बर्फातली, लांबून आलेली असते. तेव्हा नदीतलं मागा: शेवटो, चोणक, तिसऱ्या, खुबे. किंवा सुक्या माशांकडे वळा. पावसाळ्यात गोवेकर घरी तेच करतो. आणि ऑगस्ट उजाडला की पहिल्या आठवड्यातली सुंगटं चुकवू नका.

शाकाहारी असाल तर खरं सांगतो, गोव्याचं उत्तम शाकाहारी जेवण हॉटेलात जवळजवळ मिळत नाही. खतखतं, मुगागाठी, अळसांद्यांचं तोणाक हे देवळातल्या समाराधनेत किंवा कोणाच्या घरी जेवावं. फोंडा भागातल्या देवळांत उत्सवाच्या दिवसांत जा. रोजच्यासाठी म्युनिसिपल गार्डनजवळचं कामत आहे, स्वच्छ आणि भरवशाचं, पण ते जेवण उडुपी पद्धतीचं. माशाच्या हॉटेलात मित्रांबरोबर जावंच लागलं तर मश्रूम शाकुती, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्यातलं कालवण, आणि हंगामात नीरफणसाच्या रवा लावून तळलेल्या फोडी मागा. तळण माशाच्याच तेलात आहे का, ते आधी विचारा.

संध्याकाळ: गाडो

सहानंतर चौकाचौकात हातगाड्यांवर दिवे लागतात. त्यांना इथे गाडो म्हणतात. तिथलं मुख्य खाणं रोस ऑम्लेट: ऑम्लेटवर कोंबडीच्या शाकुतीचा गरम रस्सा ओतलेला, वर कांदा, लिंबू, सोबत पाव. कोंबडीचा तुकडा नसतो, फक्त रस्सा. तुकडा हवा तर शाकुतीची वेगळी प्लेट घ्या. पणजीत मिरामारला फिरायला गेलात की परतताना हेच खाऊन घरी जावं, रात्रीचा स्वयंपाक वाचतो.

गाड्याची निवड सोपी आहे. रस्सा उकळत असावा आणि गिऱ्हाइकं दुचाकीवरची स्थानिक असावीत. कटलेट पाव मागताना मात्र कशाचं ते विचारून घ्या, कारण इथे ते बहुधा बीफचं असतं. चोरीस पावातलं चोरीस, म्हणजे इथलं सॉसेज, डुकराच्या मांसाचं. विक्रेता सरळ सांगतो, लाजायचं कारण नाही.

चहाबरोबर काही हवं असेल तर बेकऱ्या. पणजीतल्या कॅफे सेंट्रलचा मश्रूम समोसा संध्याकाळपर्यंत उरेलच असं नाही.

रात्र: ख्रिस्ती स्वयंपाक

रात्री थाळीचा नाद सोडा आणि फोंतेन्हासच्या, म्हणजे पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीच्या, बाजूला चालत जा. दुपारी जे हुमण खाल्लंत आणि रात्री जे खाणार, त्यांत खोबरं आणि मिरची सारखी, बाकी बरंच वेगळं. माडाचं व्हिनेगर आलं, लसूण भरपूर आला, डुकराचं मांस आलं. विंदालूत बटाटा शोधू नका, तो इथल्या विंदालूत नसतो. सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण, आदल्या दिवशीचं असेल तर उत्तम, मुरल्यावर त्याला चव येते, आणि ते सान्नांबरोबर, म्हणजे इडलीसारख्या तांदळाच्या वड्यांबरोबर, खावं. मांस नको असेल तर काल्दीन मागा, नारळाच्या दुधातलं पिवळं, सौम्य कालवण. लहान मुलांना तेच आवडतं. तिखट-आंबट हवं तर आंबटतीक, बहुधा मोरी माशाचं.

व्हिवा पणजिम, ३१ जानेवारी रस्त्यालगतच्या बोळात, जुन्या घरात. जागा लहान, म्हणून शनिवारी आधी फोन करा. याच रस्त्यावर व्हेनितेची छोटी सज्ज्यातली टेबलं आहेत. तिथे लोक जेवणापेक्षा सज्जासाठी जातात, आणि मलाही ते मान्य आहे. मिरामारकडे ममस किचन आहे. जुन्या गोवेकर घरांतल्या, हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही, पाककृती जपण्यासाठी ते ओळखलं जातं. थोडं महाग, पण घरून पाहुणे आले की मी तिकडेच नेतो, कारण एकाच टेबलावर हुमणवाले आणि विंदालूवाले दोघे सुखी होतात.

चिकन कॅफ्रियालसाठी पणजी सोडावी लागेल. हिरव्या मिरच्या-कोथिंबिरीचा हा मसाला पोर्तुगिजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून इथे आला असं मानतात. साळगावचं फ्लोरेंटाइन त्याच एका पदार्थावर चालतं म्हटलं तरी चालेल. बाकी मेनू वाचण्यात वेळ घालवू नका. कॅफ्रियालसाठीच पर्वरीचं ओ कोकेरोही प्रसिद्ध, पण मराठी माणसाला ते दुसऱ्या कारणाने माहीत असतं: १९८६ च्या एप्रिलमध्ये मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराजला तिथेच पकडलं. माझ्या ओळखीतले झेंड्यांचे चाहते तिथे कोंबडीपेक्षा त्या टेबलाची चौकशी जास्त करतात.

पिणाऱ्यांसाठी एवढंच: मार्च ते मे हा उर्राकचा काळ. काजूच्या बोंडांच्या रसाची ही पहिली धार, फेणीपेक्षा सौम्य, आणि ती टिकत नाही म्हणून हंगामाबाहेर मिळाली तर शंका घ्या. फोंतेन्हासमधल्या जोसेफ बारसारख्या छोट्या जागेत लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली मिरची घालून देतात. गोड लागते म्हणून भराभर पिऊ नका. गाडी चालवणार असाल तर पिऊच नका. पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, रात्री उशिरा सापडत नाही, तेव्हा परतीची सोय आधी करा.

किनारा

घरून आलेले पाहुणे शॅकवर, म्हणजे वाळूतल्या झोपडीवजा हॉटेलात, जेवायचा हट्ट धरतातच. धरू द्या. शॅक पावसाळ्याआधी उतरवतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा उभारतात. तिथे सूर्यास्त बघा, सुंगटं तळलेली घ्या, बिअर घ्या. हुमण मागू नका. किनाऱ्यावरच जेवायचं ठरलं तर कळंगुटचं सोझा लोबो, १९३२ पासूनचं. गर्दी आहे, पण हात जुना आहे.

दक्षिणेकडे गेलात तर

मडगावात नगरपालिकेसमोर लोंगिन्योस आहे, १९५० पासून. जुन्या लाकडी खुर्च्या, घाई नसलेले वाढपी. दुपारी तिथे क्रोकेट, म्हणजे लांबट तळलेलं कटलेट, आणि एक गार काही घेऊन बसावं. पोटभर जेवायला मी जात नाही. बेताळभाटीचं मार्टिन्स कॉर्नर १९८९ मध्ये दोन टेबलांवर सुरू झालं आणि आता एवढं मोठं झालं आहे की रात्री गाणं-बजावणं असतं. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, चांगल्या असतात. बिल पणजीच्या थाळीच्या कितीतरी पट, हे माहीत असू द्या.

मडगावहून रेल्वेने घरी जाणार असाल तर बेबिंका घेऊन जाल. अंड्याचा पिवळा बलक, नारळाचं दूध, साखर, मैदा. एकेक थर वरून भाजत जायचं, म्हणून ती स्वस्त नसते आणि स्वस्त मिळाली तर घेऊ नका. विमानतळाच्या दुकानातल्या चकचकीत डब्यांपेक्षा बेकरीतली घ्या. पणजीत फोंतेन्हासमधली ३१ जानेवारी नावाचीच जुनी बेकरी आहे. कधी भाजली ते विचारा, अख्खी घ्या, घरी जाऊन कापा. थंड खाऊ नका, किंचित गरम करा. आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा की यात अंडं आहे, नाहीतर आजीच्या ताटात वाढल्यावर कळतं.